मोकोपूचं पोट

माझा दीर खेथिसा मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहायचा. मी लग्न होऊन हा-मोफोका गावात आले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, आणि नव्या वहिनीचं काही ऐकायचं नाही असं त्याने त्याच दिवशी ठरवलं असावं. नदीला पाणी चढलंय म्हटलं की हा घोडा घेऊन नदीत. आभाळ भरून आलंय, शेंगा आत घे म्हटलं की हा अंगणभर आणखी पसरणार. माझा नवरा मोखेले हुशार माणूस, त्याने आठ दिवसांत हे ताडलं. मग भावाकडून काही करून घ्यायचं असलं की तो मला पुढे करायचा. "जा, त्याला सांग, यंदा कुंपण बांधायच्या भानगडीत पडू नकोस." मी जाऊन सांगायचे. चार दिवसांत कुंपण उभं राहायचं. खेथिसा बाहेर घाम गाळत दगड रचायचा आणि आम्ही दोघं चुलीपाशी बसून हसायचो. पंचवीस वर्षं हे असं चाललं.

मोखेले गेला तो खाणीतल्या धुळीने. सुट्टीपुरता घरी येत परक्या देशात जमिनीखाली वीस वर्षं दगड फोडले आणि घरी आणलं काय, तर खोकला, एक झकास ब्लँकेट आणि लेरोले. लेरोले म्हणजे आमची घोडी. धुळीच्या रंगाची, बुटकी, पण सेमोंकोंगच्या शर्यतीत तिने दुसऱ्या घोड्याची शेपटी कधी पाहिली नाही. गेल्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, मोखेलेने अंथरुणावरून सगळ्यांसमक्ष सांगितलं, घोडी मात्सेदिसोची आणि पोरीची. मात्सेदिसो म्हणजे मी. पोरगी त्सेदिसो, म्हणून मी तिची आई मात्सेदिसो. माझ्या माहेरच्या नावाने कोणी हाक मारली तर आता ती मलाच मारली असं वाटत नाही.

मी काळे कपडे घातले. वर्षभर ते अंगावर राहणार, आणि ते अंगावर असेपर्यंत विधवेने गोठ्यात पाय टाकायचा नाही. आमचे गोठे छातीएवढ्या दगडी कुंपणाचे, गोल, वर छप्पर नसलेले. गुरं, घोडी सगळी त्यातच. काळ्या कपड्याची सावली जनावरावर पडली की जनावर खंगतं, असं आमच्यात मानतात. मीही मानत होते. खोटं कशाला बोलू.

ऑक्टोबरात लेरोले विणार होती. त्या दिवशी गावातले सगळे पुरुष मेंढरं घेऊन लोकर कातरायच्या शेडवर गेलेले, तिथून परत यायला संध्याकाळ व्हायची. दुपारी घोडी कण्हायला लागली. मी कुंपणाबाहेर उभी राहून पाहत होते. एक पाय बाहेर आला, दुसरा येईना. मी वरच्या आळीकडे तोंड करून दोनदा हाका मारल्या. एक म्हातारी बाहेर आली, तिने माझे कपडे पाहिले आणि ती पुन्हा आत गेली. घोडी आडवी पडली तशी मी फाटकाची काठी बाजूला केली आणि आत गेले. कोपरापर्यंत हात घालून दुमडलेला पाय सरळ केला, आणि तिच्या कळेबरोबर ओढत राहिले. शिंगरू बाहेर आलं. काळंभोर, ओलं, लांब लांब पायांचं. मी त्याच्या नाकातला चिकटा काढला तर ते माझी बोटंच चोखायला लागलं.

संध्याकाळी खेथिसा आला. त्याने शिंगराकडे पाहिलं नाही. माझ्या काळ्या झग्याला लागलेलं रक्त पाहिलं.

तिसऱ्या दिवशी त्याने भावकी बसवली. "हिने काळं कापड गोठ्यात नेलं," तो म्हणाला. "आता जनावरं खंगणार. घोडी आणि शिंगरू मी माझ्या गोठ्यात नेतो, निदान ती तरी वाचतील."

मी म्हटलं, "तुझी दोन शिंगरं पोटदुखीने मेली ती गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी. तेव्हा मोखेले जिवंत होता. तेव्हा माझ्या अंगावर काळं कुठे होतं?"

"अंगावर नव्हतं," तो म्हणाला, "आत होतं."

भावकी हसली. एक हसणं पुरतं गावाला. त्या दिवसापासून मी चेटकीण झाले. माझ्या हातची बीअर प्यायला शनिवारी ज्या अंगणात जागा मिळत नसे, त्या अंगणात कोंबड्या फिरायला लागल्या. घोडी गेली, शिंगरू गेलं, तेही मी गिळलं असतं. पण ही गोष्ट नदीपलीकडे गेली. त्सेदिसोचं तिकडे ठरलं होतं. मुलगा चांगला होता, पोरीच्या मनातला होता. मुलाकडच्यांनी मुलीसाठी गुरं द्यायची ही आमची रीत, ती आमच्या दारात यायचा दिवस ठरला होता. गुरं आली नाहीत, निरोप आला. चेटकिणीच्या घरची मुलगी नको.

त्सेदिसो रडली नाही. तिने पिशवी भरली आणि शहरात, मासेरूला गेली, कारखान्यात जीन्सच्या पँटी शिवायला. रविवारी फोन करते. काय जेवलीस, पाऊस झाला का, पाय कसा आहे, सगळं विचारते. त्या मुलाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. फोन ठेवताना दरवेळी ती थोडी थांबते, आणि त्या थांबण्यात मला सगळं ऐकू येतं. अशाच एका रविवारी फोन खाली ठेवून मी ठरवलं की खेथिसाला मी सोडणार नाही. कसं ते माहीत नव्हतं. पण मी त्याच्या वाईट दिवसाची वाट पाहत होते, हे मी कबूल करते.

खेथिसाच्या गोठ्यात शेण सगळ्यात जाड. आमच्याकडे झाडं नाहीत. वर्षभर गोठ्यात जनावरांच्या पायांनी तुडवलेलं शेण जूनमध्ये फावड्याने विटांसारखं कापायचं आणि हिवाळाभर जाळायचं. ज्याच्या गोठ्यात थर जाड त्याचं घर ऊबदार, आणि त्याची मान ताठ. खेथिसा येणाऱ्याजाणाऱ्याला थर दाखवायचा, गुडघ्यापर्यंत हात लावून. बाकीच्यांची शिंगरं आईबरोबर डोंगरावर चरायला जात. खेथिसाने लेरोलेला सोडलं, पण शिंगराला सोडलं नाही. वाटेवर माझं घर होतं ना. माझी नजर लागेल म्हणून ते दिवसभर आत. गवत कापून आणायचा आणि त्याच शेणावर टाकायचा. शिंगरू ते गवत खायचं, आणि शिंगरं खातात तसं शेणही खायचं.

जानेवारीपर्यंत त्याचं पोट सुटलं. फेब्रुवारीत ते एवढं झालं की गावाने त्याचं नाव मोकोपू ठेवलं, म्हणजे भोपळा. खेथिसा खूश. बीअर गाळून उरलेला चोथा त्याला चारायचा आणि कुंपणावर रेलून सांगायचा, "बघा, माझ्या हातचं अंगी लागलंय. काळ्या सावलीतून काढलं म्हणून ही तब्येत."

झऱ्यावर जाताना मी पाहायचे. कुंपण छातीएवढंच, पाहायला कोण अडवणार. पोट भोपळ्यासारखं होतं खरं, पण त्याच्यावर बरगड्या मोजता येत होत्या. मान काटकी. पुठ्ठे खाली गेलेले. उन्हाळ्यातही अंगावरचे केस उभे आणि राठ. मधूनच खोकायचं. दुष्काळाच्या वर्षी मी माणसांची पोरं अशी पाहिली आहेत, पोट पुढे आणि हात काड्यांसारखे. त्यांना कोणी धष्टपुष्ट म्हणालं नव्हतं.

मला आणखीही माहीत होतं, ते दिकेलेदीमुळे. दिकेलेदी ही पशुवैद्यक खात्यातली मुलगी, वर्षातून दोनदा घोड्यावरून येते आणि माझ्याकडे उतरते. गेल्या वर्षी नदीकाठच्या एका घरात शिंगरू मेलं तेव्हा तिने ते फाडलं आणि मला जवळ बोलावलं. "म्मे, बघा." मोठ्या बाईला आमच्याकडे म्मे म्हणतात, म्हणजे आई. आतड्यात जंत होते. पांढरे, करंगळीएवढे जाड, वीतभर लांब, ओंजळी भरभरून. "ह्यांची अंडी शेणात वर्षानुवर्षं टिकतात," ती म्हणाली. "थंडीने मरत नाहीत, उन्हाने मरत नाहीत. शिंगरू शेणातून चरतं आणि गिळतं. सगळं अन्न हे खातात, ते बिचारं खंगत जातं."

"मग औषध नाही?"

"आहे, पण औषधानेच मेलंय हे." तिने आतड्याचा एक फुगलेला, टणक तुकडा चाकूच्या टोकाने दाखवला. "मालकाने एका झटक्यात पूर्ण दिलं. जंत सगळे एकदम मेले आणि दोरीच्या गुंडाळ्यासारखे इथे अडकले. पोट फुटलं. एवढं भरलेलं शिंगरू असलं तर पहिल्यांदा अगदी थोडं द्यायचं, वरून तेल पाजायचं, आठ दिवस थांबायचं. मग पुन्हा थोडं. धीर धरायचा, म्मे, बाकी काही नाही."

मार्चमध्ये ती पुन्हा आली. मी तिला मोकोपूकडे पाठवलं. ती माझ्या घरून आली म्हणून खेथिसाने तिला फाटकातूनच परत लावलं. जाताना ती जंतांच्या औषधाच्या, मापाच्या रेघा असलेल्या पिचकाऱ्या गावप्रमुखांकडे ठेवून गेली. आमच्या गावप्रमुख मानेओ या बाई आहेत, नवऱ्यामागे गादी त्यांच्याकडे आली. सगळे त्यांना मोरेना म्हणतात. दिकेलेदीने त्यांना कोणत्या जनावराला किती रेघा हे सांगितलं. त्यांनी नाकात तपकीर ओढली आणि म्हणाल्या, "मला काही लक्षात राहायचं नाही, पोरी. मात्सेदिसोला सांगून ठेव." म्हणजे अख्ख्या गावात ते मला एकटीला माहीत होतं.

मे महिन्यात पहिलं दहिवर पडलं त्या सकाळी मोकोपूला शूळ उठला. ते पुढच्या पायाने शेण उकरायला लागलं, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहायला लागलं, मग अंग टाकून लोळलं. तासाभराने आपोआप थांबलं. पण खेथिसाचा धीर सुटला होता. त्याने सेमोंकोंगच्या लोकांना शिंगरू दाखवून ठेवलं होतं, दोन वर्षांनी शर्यतीत उतरवणार म्हणून. त्याची सगळी मान त्या शिंगरावर उभी होती. तो तडक मोरेनांकडे गेला आणि दुपारी मला बोलावणं आलं.

मोरेनांच्या अंगणात गाव जमलं होतं. पुरुष भिंतीला टेकून, बायका पाय लांब करून खाली. खेथिसा मधोमध उभा, आणि त्याच्या खांद्यावर मोखेलेचं ब्लँकेट. तपकिरी, कडेला पिवळा पट्टा. मी ते पेटीत घडी करून ठेवलं होतं. घोडी नेली त्या दिवशी पेटीतून तेही गेलं हे मला तेव्हा कळलं.

"मोरेना," तो म्हणाला, "हिला सांगा, काय ठेवलंय ते काढ म्हणावं. शिंगरू माझं तडफडतंय."

"शिंगरू कोणाचं ते नंतर बघू," मोरेना म्हणाल्या. "मात्सेदिसो, तू काय म्हणतेस?"

मी उठून उभी राहिले. इथे मी थांबून एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. उठताना माझ्या तोंडात दोन वाक्यं होती. एक खोटं होतं. "सगळी पिचकारी एकदम द्या, दोन द्या, थोडं देऊन काही व्हायचं नाही." मी असं म्हटलं असतं तर खेथिसाने डोळे बारीक केले असते, आणि घरी जाऊन मोहरीएवढं औषध शिंगराच्या जिभेला लावलं असतं. पंचवीस वर्षं मी त्याला असंच हाकलं होतं. मला हे त्याच्या आईपेक्षा चांगलं माहीत होतं.

दुसरं वाक्य खरं होतं.

मला शिंगरू दिसत होतं. माझी बोटं चोखणारं त्याचं ऊन तोंड मला आठवत होतं. आणि समोर ते ब्लँकेट होतं.

मी खरं बोलले. "मोरेना, ह्याच्या पोटात जंत आहेत. चेटूक नाही, जंत. तुमच्याकडे पिचकारी आहे, तिच्यातली एक रेघ द्या. एकच. वरून वाटीभर तेल. आठ दिवसांनी पुन्हा एक रेघ. असं चारदा. सगळी पिचकारी एकदम दिली तर जंत आतड्यात अडकतील आणि शिंगरू मरेल."

"चारदा," खेथिसा म्हणाला. "म्हणजे महिनाभर माझं शिंगरू हिच्या मुठीत."

"दिकेलेदीने सांगितलंय मला."

"दिकेलेदी उतरते कुठे? तुझ्याच घरी ना? जेवते कोणाचं?" तो लोकांकडे वळला. "साप घरात शिरला तर तुम्ही काय करता? आज शेपटी, आठ दिवसांनी कंबर, असा मारता?"

लोक हसले. एक म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

"खेथिसा," मोरेना म्हणाल्या, "बाई शिकून सांगतेय. ऐक."

"ऐकतोय की, मोरेना."

"मी पुन्हा सांगते," मी म्हटलं. मी सावकाश, मोठ्याने, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "एक रेघ, भाऊजी. जास्त नाही. तुम्हाला हात जोडते, सगळी देऊ नका."

त्याला मी भाऊजी म्हणाले, अहो म्हणाले, हात जोडले. त्याची हनुवटी हळूहळू वर जाताना मी पाहिली. मला सगळं दिसत होतं, आणि मी आणखी एकदा सांगितलं. सगळ्या गावाने ऐकलं. गावाने ऐकावं असंच मला हवं होतं.

मी घरी आले आणि ज्वारी दळायला बसले. अजून वेळ होता. मोरेनांना जाऊन सांगता आलं असतं, पिचकारी त्याच्या हातात देऊ नका, तुमच्या माणसाकडून द्या. शेजारणीकडून निरोप पाठवता आला असता, मात्सेदिसो घाबरली आहे, खेथिसाने सगळं औषध द्यावं अशी तिची मनातून इच्छा आहे. एवढ्याने काम झालं असतं. मी दगडावर दगड फिरवत राहिले. पीठ बारीक आलं होतं, तरी पुन्हा दळलं.

त्याने दोन पिचकाऱ्या दिल्या. एक मोरेनांनी दिलेली आणि एक शेजाऱ्याकडून मागून आणलेली. मोठ्या घोड्याला पुरते तेवढी एक, अशा दोन, सात महिन्यांच्या पिल्लाला. तेल दिलं नाही, ते मी सांगितलं होतं ना. संध्याकाळी शिंगरू बरं दिसत होतं. तो माझ्या अंगणावरून शीळ घालत गेला आणि मुद्दाम थांबला.

"वहिनी, एक रेघ दिली हं," तो म्हणाला आणि हसला.

मीही हसले.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याच्या गोठ्यातून आवाज आला. शिंगराचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी गेले. अर्धं गाव माझ्या आधी पोचलं होतं. मोकोपू घामाने निथळत होतं, थंडीत त्याच्या अंगातून वाफ निघत होती. उभं राहायचं, पाय पोटाकडे मारायचं, मग स्वतःला जमिनीवर आपटायचं. पोट ढोलासारखं ताणलेलं. तीन माणसं त्याला धरायला गेली, त्यांना त्याने उडवलं. मग ते उभं राहून थरथरलं, आणि त्याच्या नाकातून हिरवं पाणी आलं. पाण्याबरोबर एक पांढरं, लांब काहीतरी बाहेर लोंबलं. बायकांनी तोंडं फिरवली. लेरोले डोंगरावर चरत होती, ती कुंपणापाशी धावत आली आणि आत घ्या म्हणून दगडांवर छाती मारायला लागली.

खेथिसाने मला पाहिलं. त्याच्या खांद्यावरचं ब्लँकेट शेणात पडलं होतं.

"वहिनी, आत ये," तो म्हणाला. "काहीतरी कर. तुला माहितीय. आत ये."

फाटक त्याने स्वतःच्या हाताने उघडलं होतं. सगळं गाव बघत होतं. मी बाहेरच उभी राहिले.

"माझे काळे कपडे अजून उतरले नाहीत, भाऊजी," मी म्हटलं.

आत जाऊन करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे खरं. पण ते त्याला माहीत नव्हतं. आणि असतं तरी मी काय केलं असतं, हे मला विचारू नका. ते वाक्य मी सात महिने सांभाळून ठेवलं होतं आणि ते म्हणताना मला आनंद झाला. जिभेवर गोड चव आली, खरोखरची.

अर्ध्या तासाने शिंगरू एकदम शांत झालं. लोकांना वाटलं बरं झालं. मला माहीत होतं, आतडं फुटलं की दुखणं थांबतं. ते पडलं, त्याने पाय ताणले आणि मेलं.

मोरेना आल्या होत्या. त्यांनी खेथिसाच्याच चाकूने त्यालाच पोट फाडायला लावलं. सगळ्यांनी पाहिलं. आतडं एका जागी हाताएवढं जाड झालं होतं आणि फाटलं होतं, आणि आत जंत एकमेकांत असे पिळून बसले होते की वेगळे होईनात. मोरेनांनी काठीने मोजायला सुरुवात केली आणि शंभराच्या आत कंटाळून काठी टाकून दिली.

"ह्यात चेटूक कुठेय ते मला दाखव," त्या म्हणाल्या. खेथिसा गुडघ्यांवर बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. "बाईने तुला माझ्या अंगणात तीनदा सांगितलं. हात जोडून सांगितलं. मी होते, हे सगळे होते. तुझी आधीची दोन शिंगरं कशाने मेली तेही आज कळलं. तुझ्या शेणाच्या थराने मेली."

मग निवाडा झाला. घोडी मला परत. खेथिसाने माझ्या अंगणात मेंढी कापून माझं नाव धुऊन काढायचं. नदीपलीकडे माणूस पाठवून त्सेदिसोच्या त्या सासरच्यांना सांगायचं की आमच्या घरात चेटूक नव्हतं. आणि गोठ्यातलं सगळं शेण याच आठवड्यात बाहेर काढून पसरायचं. बायका एकेक करून माझ्याजवळ आल्या. कोणी दंडाला हात लावला, कोणी म्हणालं, "म्मे, तू किती सांगितलंस गं त्याला." शनिवारी माझं अंगण पुन्हा भरलं. ठसका लागलेला तो म्हातारा सगळ्यात आधी आला, आणि साप चार हप्त्यांत मारण्याची गोष्ट खेथिसावर हसण्यासाठी सांगायला लागला. खेथिसाला आता वाटेत पोरंटोरं विचारतात, एक रेघ देऊ का. तो मान खाली घालून जातो.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. फक्त त्सेदिसो आली नाही. नदीपलीकडच्यांनी होकार पाठवला होता, मी फोनवर तिला सांगितलं. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "त्यांना सांग, मला सुट्टी नाही."

मेंढी कापायच्या दिवशी सकाळी खेथिसा लेरोलेला घेऊन आला. घोडीच्या आचळात अजून दूध होतं, थेंब थेंब गळत होतं. त्याने दोरी माझ्या हातात दिली, ब्लँकेट घडी करून उंबऱ्यावर ठेवलं, आणि गेला नाही. एवढा मोठा माणूस, पण महिन्याभरात बारीक झाला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "एक सांगू?"

"सांग."

"माझ्याकडून कुंपण बांधून हवं असलं की मोखेले तुला काय सांगून पाठवायचा, मला माहिती होतं."

मी दोरी हाताला गुंडाळत राहिले.

"पहिल्याच वर्षी कळलं होतं. तुम्ही आत हसायचात ते दगड रचताना ऐकू यायचं. पण मला ते जमायचंच नाही. तू सरळ सांगितलंस की माझं डोकं फिरायचं. उलटं सांगतेय असं कळलं तरी मी उलटंच करायचो, कारण निदान भावाचं काम तरी व्हायचं." त्याने नाक पुसलं. "त्या दिवशी मोरेनांच्या अंगणात तू मला सरळ सांगितलंस. सुरुवातीचे दिवस सोडले तर पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, नेहमीसारखंच असणार. एक रेघ म्हणतेय, म्हणजे तिला सगळी द्यायला हवीय. मी ह्या खेपेला तुझं ऐकत होतो, वहिनी."

घोडीने मान वळवून त्याच्या गोठ्याच्या दिशेने हाक दिली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा दिली.

"हे मी मोरेनांना सांगू शकत नाही," तो म्हणाला. "काय सांगू? वहिनी खरं बोलली म्हणून तक्रार करू? लोक मला वेडा म्हणतील." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "एकदा खोटं बोलली असतीस तर शिंगरू जगलं असतं."

"हो," मी म्हटलं. "मला तेव्हाच माहीत होतं."

तो मान हलवत राहिला. मग त्याने बाहेर बांधलेली मेंढी आणली आणि माझ्या अंगणात, माझं नाव धुवायला, कापली.